सरपंच नावाच्या बोकडाचा खून

गंगूबाईंची खुर्ची फाटकाच्या आत पेरूच्या सावलीत असते. प्लॅस्टिकची, एका पायाला तारेनं आवळलेली. ती कुणी हलवायची नाही, हा घरातला नियम. कारण ती जिथं आहे तिथूनच पौड रस्त्याचं वळण, किराणा दुकानाचं दार, विहाराची पायरी आणि निसर्गछाया सोसायटीचं मागचं गेट, हे सगळं एका नजरेत येतं. वीतभर इकडेतिकडे सरकली की यातलं काहीतरी निसटतं, आणि काही निसटलं की गंगूबाईंना दुपारचं जेवण जात नाही.

वय एक्काहत्तर. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी वॉर्डात आया म्हणून काढली. पण भुकुमात त्यांना कुणी आया म्हणत नाही, सगळं गाव ‘शिस्टरबाई’ म्हणतं. त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. “लोकांचं मन मोडू नये,” म्हणतात. दवाखाना सुटला तरी दवाखान्याचं वळण सुटलं नाही. वापरलेल्या साड्या फाडून त्यांच्या एकसारख्या पट्ट्या करायच्या, उकळून वाळवून ठेवायच्या आणि घरात जे जे बांधण्यासारखं असेल ते त्या पट्टीनं बांधायचं. कोथिंबिरीची जुडी, रद्दी, केरकचरा, सुनेचा डबा. सून नम्रता हिंजवडीला एका कंपनीत जाते. तिथं डबा उघडायला कात्री लागते, हे तिनं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी दोन वाजता टीव्हीवर गुन्ह्यांची मालिका लागते. आदल्या रात्रीचाच भाग असतो, पण दुपारी डोळा लागत नाही आणि शेवटही कळतो. त्या मालिकेनं गंगूबाईंना तपासाचा नाद लावला असं प्रमोद, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणतो. ते काही खरं नाही. मालिका आली अलीकडे. कुठल्या पेशंटला भेटायला बायको येते आणि कुठल्या पेशंटला दोघी येतात, हे गंगूबाई चाळीस वर्षांपूर्वीच बिनचूक सांगायच्या.

निवृत्तीनंतर त्यांच्या नावावर दोन प्रकरणं जमा होती. विहाराच्या पायरीवरून चपला नाहीशा व्हायच्या, त्याचा छडा त्यांनी लावला. चोर काळं कुत्रं निघालं, आणि नाल्याकाठी त्याच्या बिळात अकरा चपला निघाल्या, सगळ्या डाव्या पायाच्या. दुसरं प्रकरण प्रमोदच्या स्कूटरमधलं पेट्रोल रोज कुठं जातं याचं. तो तपास मात्र घरातच येऊन थांबला. नम्रता पहाटे फिरायला म्हणून जायची आणि चोरून स्कूटर शिकत थेट महाळुंग्यापर्यंत जाऊन यायची. हे गंगूबाईंनी ओळखलं, वहीत लिहिलं आणि मुलाला सांगितलं नाही. वहीचं शेवटचं पान फाडून सुनेच्या हातात दिलं. तेव्हापासून त्या घरात सासू-सुनेचं जे जमलं ते जमलंच.

तर अशा बाईच्या नजरेआड काही राहू नये. पण गेल्या महिनाभरात फाटकाजवळची कण्हेर वाढून सोसायटीच्या गेटापुढं यायला लागली होती. मान तिरकी करून करून मानेला कळ लागली, तेव्हा एका सोमवारी गंगूबाईंनी कोयता घेतला आणि कण्हेर कमरेइतकी खाली आणली. फांद्या मोडून नीट भारा केला, बांधला, घंटागाडीसाठी फाटकाबाहेर ठेवला, हात साबणानं दोनदा धुतले आणि खुर्चीत येऊन बसल्या. गेट स्वच्छ दिसत होतं.

त्याच गेटाजवळ गुरुवारी सकाळी खून झाला.

“सरपंच पडला! अगं गंगे, धाव! सरपंच पडला!”

आवाज सारजाबाईंचा होता. दुकानदारानं हातातला तराजू तसाच सोडून खऱ्या सरपंचांना फोन लावला. ते आंघोळीला गेले होते आणि धडधाकट होते. गंगूबाईंना मात्र फोन करायची गरज नव्हती. सरपंच कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: सारजाबाईंचा तपकिरी बोकड, दाढीवाला. सगळ्यांच्या पुढं चालायचा, कामाचं काही करायचा नाही आणि जाईल तिथं खायचा, म्हणून सारजाबाईंनीच त्याला हे नाव ठेवलं होतं.

सारजाबाई धनगरवाड्यातल्या. वय विचारलं तर “तुज्यापरीस दोन दिवाळ्या जास्त” असं सांगतात. एकेकाळी घरात दीडशे मेंढरं होती. चराईच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, तशी मेंढरं गेली. मुलगा कंपनीची गाडी चालवतो. राहिली चार शेरडं, आणि ती सारजाबाई कुणाच्या हाती देत नाहीत. गंगूबाई लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासूनची ही मैत्री. तिचं मुख्य काम म्हणजे एकमेकींना नावं ठेवणं. सारजाबाईंच्या मते गंगूबाई फार धुतात. गंगूबाईंच्या मते सारजाबाई मुळीच धूत नाहीत.

गंगूबाई पोचल्या तेव्हा सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत, जिथं पालापाचोळ्याचा ढीग असतो तिथं, सरपंच कुशीवर पडला होता. पाय गार. डोळे उघडे. भोवती फिरायला निघालेली दहा-बारा माणसं. गंगूबाई पांढऱ्या साडीनिशी खाली बसल्या, मनगटावरचं घड्याळ पुढं केलं आणि बोकडाच्या बगलेत हात घालून नाडी पाहिली.

“दोन ठोके पडतात, एक गळतोय,” त्या म्हणाल्या. “आता तीन पडले. दोन गळले.”

“अगं मोजतीस काय! वाचीव की!”

गुरांचे डॉक्टर आले तोवर मोजायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पाहिलं, “पोटात काहीतरी विषारी गेलंय” म्हणाले आणि दुसरीकडं गाय अडली होती तिकडं निघून गेले.

सारजाबाई उठल्या. पदर खोचला. काठी गेटाकडं रोखली.

“सावळ्या! भाईर ये!”

सावळा सोसायटीचा माळी. पंपाच्या खोलीमागं एक खोली मिळालेली, तिथं बायको आणि बारावीतल्या मुलीसह राहायचा. माणूस गरीब, पण गुलाबांच्या बाबतीत तापट. आठ दिवसांपूर्वी सरपंचानं गेटातून आत शिरून त्याचे नऊ गुलाब देठासकट खाल्ले होते, तेव्हा तो सगळ्यांदेखत ओरडला होता, “पुन्यांदा आत आला तर औशीद घालीन!” आता सगळ्यांना तेच आठवलं. भरीला त्याच्या खोलीत उंदरांच्या औषधाचं पाकीट निघालं.

ते पाकीट काढलं दादासाहेबांनी. दादासाहेब सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त होऊन इथं आले आणि घरात त्यांचं कुणी ऐकेना, म्हणून सोसायटीनं त्यांना निवडून दिलं. पाकीट दोन बोटांत धरून ते म्हणाले, “हे काय आहे?”

“सायेब, तुमीच आनायला लावलं व्हतं की. क्लबहौसात उंदरं झाल्याती म्हून.”

“मी?” दादासाहेबांनी आठवून पाहिलं. आठवलं असावं, कारण ते लगेच विषयावर आले. “ते असो. तू धमकी दिली होतीस. रविवारी अकरा वाजता सभा. तोवर तुझ्या बाजूनं काही निघालं नाही, तर नोकरी बंद. खोलीही सोडायची.”

“आन मी पौडाला जाऊन चौकीत बसनार हाय,” सारजाबाई म्हणाल्या.

सावळानं सगळ्यांकडं पाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी गंगूबाईंकडं. “शिस्टरबाई, पोरीची परीक्षा तोंडावर हाय. म्या न्हाई घातलं. तुमी कुत्रं शोधलंत, हे बी तेवढं बघा.”

झालं. गंगूबाईंनी कमरेची किल्ली सावरली आणि घरी जाऊन नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: प्रकरण तिसरं.

जागेची पाहणी त्याच दिवशी केली. सरपंचाला टेकडीच्या पायथ्याशी पुरून आल्यावर सारजाबाईंनीही यायचं कबूल केलं. त्या फिर्यादी होत्या, पण घरात बसून काय करणार? पाचोळ्याचा ढीग सरपंचानं उधळला होता. कुठं देठ, कुठं चघळलेली पानं. त्यात गंगूबाईंना एक चिंधी दिसली. मातीनं काळी झालेली, चावून चोथा झालेली, पण मधली गाठ शाबूत.

गंगूबाईंनी ती चिमट्यानं उचलली. चिमटा पापडाचा होता. चष्मा वर करून, खाली करून गाठ पाहिली आणि त्यांचा चेहराच उजळला.

“सारजे, गुन्हेगार साधासुधा न्हाई.”

“का गं?”

“ही गाठ बघ. सपाट. चौकोनी. दोन्ही टोकं सारखी. बोकडानं चावली तरी सुटली न्हाई. असं बांधणारा हात शिकलेला असतो. दवाखान्यातला हात हाय हा.” आणि मग मनापासून: “कुणी का असंना, बांधलंय सुरेख.”

“भुकुमात अशी गाठ मारनारं हाय कोन?” सारजाबाईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “तूच की.”

“थट्टा नको करू. तुझा बोकड गेलाय.”

चिंधी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत गेली.

शुक्रवारी चौकशी. दवाखान्यातला हात म्हटल्यावर एकच संशयित होता: सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारा, व्यायाम देऊन गुडघे बरे करणारा तरुण डॉक्टर. शेरडांच्या लेंड्यांबद्दल त्यानं दोनदा लेखी तक्रार केली होती. गंगूबाई लंगडत त्याच्याकडं गेल्या. त्यानं गुडघा पाहिला, चार व्यायाम दाखवले, पट्टा बांधून दिला. गंगूबाई डोळ्यांत तेल घालून त्याचे हात बघत होत्या. त्यानं पट्टा गुंडाळला आणि टोक चिकटवून टाकलं.

“गाठ नाही मारत?”

“गाठ कशाला आजी? चिकटतं ना आपोआप.”

गंगूबाई न लंगडता खाली आल्या आणि वहीत लिहिलं: निर्दोष. गाठ येतच नाही. आजकाल शिकवतात तरी काय.

मग सावळा. तो गुलाबांच्या आळ्यात बसला होता, पण खुरपं हातात तसंच. त्यानं सांगितलं की तो भारे सुतळीनं बांधतो. दाखवलेही. सुतळीच्या गाठी अशा की बघून गंगूबाईंना कसंसं झालं. हे काम सावळाचं नव्हे, एवढं त्यांच्यापुरतं सिद्ध झालं. पण दादासाहेबांना ते कसं पटणार? “गाठीवरून माणूस निर्दोष ठरत नाही मावशी,” ते म्हणाले. “विष कुठून आलं ते सांगा.”

तेव्हा गंगूबाईंना जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते सुचलं. त्या धनगरवाड्यावर गेल्या. सारजाबाई दारात बसून उरलेल्या तीन शेरडांना पाला घालत होत्या.

“सारजे, पेशंटची हिस्ट्री सांग.”

“काय सांगू?”

“मरायच्या आदी काय काय झालं.”

सारजाबाईंनी सांगितलं. हगवण लागली. पाय गार पडले. चालताना झोकांडी गेली. “आन काळीज वाकडंतिकडं उडत व्हतं, ते तू बगितलंस.”

“मग उंदराच्या औषधानं असं होतं?”

“त्येनं कसं व्हईल? त्येनं रगात पडतं. हे कन्हेर बाधल्यावानी झालं.” सारजाबाई इतक्या सहज बोलल्या की गंगूबाई उठूनच उभ्या राहिल्या.

“अगं मग गुरुवारीच का न्हाई सांगितलंस!”

“इचारलंस कुटं? तू नाडी बगत व्हतीस. आन माजी शेरडं कन्हेरीला तोंड लावत न्हाईत. आईच्या पाठी फिरतानाच शिकत्यात ती. हिरवी कन्हेर हुंगून सोडत्यात.” त्या एकदम थांबल्या. हातातला पाला खाली ठेवला. “छाटून टाकली आन दोन-तीन दिस सुकली, तर मातर वास जातो. मग खात्यात. आमचा बा सांगायचा, उभ्या कन्हेरीला भिऊ नगं, पडल्या कन्हेरीला भी.”

दोघी तशाच उठून सोसायटीत गेल्या. कुंपणाला कण्हेरीची लांबलचक रांग होती. सावळानं ती दाखवली: शेंडे वाऱ्यावर डुलत होते, एक फांदी कापलेली नव्हती. “दिवाळीपासून कात्री लावली न्हाई शिस्टरबाई. यंदा फुलं लई आल्याती.”

“म्हंजी भाईरून आनून टाकली कुनीतरी,” सारजाबाई म्हणाल्या. “गावात कन्हेर कुनाकुनाच्या दारात हाय? तुज्या दारात बी हाय की गं.”

“माझा कचरा कधी रस्त्यावर दिसलाय का?” गंगूबाई ताडकन म्हणाल्या. “बांधून, घंटागाडीत. आख्ख्या भुकुमात माझ्यासारखा कचरा कोण देत न्हाई.”

हे मात्र खरंच होतं.

शनिवारी दुपारी गंगूबाईंनी पुरावा धुतला. हे ऐकून पोलीसखात्यातला माणूस कपाळावर हात मारील. पण लाळ आणि माती लागलेलं कापड घरात दोन दिवस डबीत ठेवायचं, हे बत्तीस वर्षांच्या सवयीला सहन होईना. गाठ न सोडता त्यांनी चिंधी मिठाच्या पाण्यात उकळली, दोनदा खंगाळली, आणि नेहमीच्या पट्ट्या वाळत होत्या त्यांच्या शेजारी चिमटा लावून टांगली. मग दोनची मालिका लागली म्हणून आत गेल्या. त्या भागात शेवटी सगळ्यांना एका दालनात बसवून गुन्हेगाराचं नाव सांगितलं. गंगूबाईंना ते फार आवडलं. रविवारी आपणही असंच करायचं, असं त्यांनी ठरवलं. नाव तेवढं मिळायचं होतं.

नम्रताला सुट्टी होती. ती कपडे काढायला अंगणात गेली, आणि तिथूनच हाक आली.

“आई, ही एकच पट्टी गाठ मारून का वाळत घातलीय?”

“हात लावू नको! पुरावा आहे तो!”

“बरं. पण मग त्याच्या जोडीच्या या बाकीच्या कुठं ठेवू?”

गंगूबाई बाहेर आल्या. नम्रता दोरीपाशी उभी होती. उन्हात पट्ट्या ओळीनं वाळत होत्या. पांढऱ्या, प्रत्येकीला एका कडेनं निळी बारीक किनार. दवाखान्याच्या जुन्या साडीच्या. त्या ओळीत शेवटची, कुरतडलेली, मधे सपाट चौकोनी गाठ मारलेली. माती गेली होती. निळी किनार स्वच्छ दिसत होती.

गंगूबाईंनी ती बघितली. मग फाटकाजवळच्या छाटलेल्या कण्हेरीकडं. मग पुन्हा दोरीकडं. जवळ खुर्ची नव्हती, म्हणून त्या धुण्याच्या दगडावर बसल्या.

“आई, पाणी देऊ का?”

“मी घंटागाडीत दिला होता भारा,” गंगूबाई म्हणाल्या. “सोमवारी.”

नम्रताला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिला आधी हसू आलं, आणि सासूबाईंचा चेहरा पाहून ते परत गेलं. “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? आणि उद्या फक्त एवढंच सांगा ना की कण्हेर सुकलेली होती, कुणाची ते माहीत नाही. सावळा सुटेल. तुमचंही...”

गंगूबाईंनी त्या संध्याकाळी वहीत काही लिहिलं नाही.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे त्या बुद्धमूर्तीपुढं पंचशील म्हणायला बसल्या. पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं. तिथं त्या अडखळल्या. सावरून पुढं गेल्या, तर चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आवाजच बसला. पाचवं मद्याचं. ते मात्र ठणठणीत म्हटलं. ते तरी अजून शाबूत होतं.

साडेसातला घंटागाडी आली. गाडीवर कैलास होता.

“कैलास, सोमवारी माझा फांद्यांचा भारा नेलास, तो कुठं टाकलास रे?”

कैलासनं जीभ चावली. “मावशी, खरं सांगू? झाडाच्या फांद्या गाडीत घ्यायला परवानगी न्हाई. दुसरं कुणी असतं तर तिथंच ठिवल्या असत्या. पण तुमी शिस्टरबाई, आन भारा एवढा झ्याक बांधलेला, नको म्हणायला जीव हुईना. जाता जाता सोसायटीच्या मागच्या ढिगावर ठिवला. तिथं पालाच असतो ना. काय झालं का?”

“काय न्हाई,” गंगूबाई म्हणाल्या. “फार नीट बांधला, तेच चुकलं.”

अकरा वाजता क्लबहाऊस भरलं होतं. दादासाहेब मधल्या खुर्चीत. सावळा दाराशी उभा, मागं त्याची बायको. सारजाबाईंना खुर्ची दिली होती, पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या, काठी मांडीवर.

गंगूबाईंनी पांढरी इस्त्रीची साडी नेसली होती. हातात डबी. खरं तर चार शब्दांत सांगून बसायचं असं त्या घरून ठरवून निघाल्या होत्या. पण एवढी माणसं, एवढी शांतता, आणि कालपासून मनात घोळत असलेलं मालिकेतलं ते दृश्य. तोंडातून निघूनच गेलं:

“गुन्हेगार याच खोलीत आहे.”

व्यायामवाल्या डॉक्टरनं घाबरून मोबाईल खिशात घातला. दादासाहेब उगाच ताठ बसले.

“बोकड उंदराच्या औषधानं मेला नाही. सुकलेल्या कण्हेरीनं मेला. सोसायटीची कण्हेर छाटलेलीच नाही, सगळ्यांनी जाऊन बघा. म्हणजे सावळाचा संबंध नाही. आणि दादासाहेब, औषध आणायला तुम्हीच सांगितलं होतंत.”

“हो, ते... आठवलं मला,” दादासाहेब म्हणाले.

“कण्हेरीचा भारा बाहेरून आला. तो या पट्टीनं बांधला होता.” त्यांनी डबीतली चिंधी काढून टेबलावर ठेवली. मग कमरेला खोचून आणलेली दुसरी पट्टी काढली, टेबलावरची वर्तमानपत्रं एकत्र केली आणि चारचौघांसमोर बांधली. गाठ बसली. सपाट. चौकोनी. दोन्ही टोकं सारखी. दोन्ही निळ्या किनारी शेजारी शेजारी.

कुणाच्या काही लक्षात येईना. खालून सारजाबाई बोलल्या.

“म्या गुरवारीच म्हनलं व्हतं. तूच की.”

“मीच,” गंगूबाई म्हणाल्या. “माझी कण्हेर. मी छाटली, मी बांधली. गेट नीट दिसावं म्हणून. कैलासचा दोष नाही, त्यानं माझा मान ठेवला. सावळाला नोकरीवर ठेवा. मला काय करायचं ते करा.”

खोलीत कुणी हसलं नाही. सावळानं दारातूनच हात जोडले आणि बायकोला घेऊन घाईघाईनं बाहेर गेला. रडायला त्याला गुलाबांचीच सोबत बरी वाटत असावी. दादासाहेब घसा खाकरून म्हणाले, “माळ्याबाबत सोसायटीचा थोडा गैरसमज झाला, असं लिहून घ्या.” “सोसायटीचा?” गंगूबाईंनी विचारलं. “माझा,” ते म्हणाले.

सारजाबाई काठी टेकत उठल्या. गंगूबाईंच्या समोर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि दोन्हीची त्यांना सवय नव्हती.

“करडू व्हता तवा बाटलीनं दूध पाजलं व्हतं त्येला,” त्या एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी दुपारी दोनला टीव्ही लागला नाही. गंगूबाई खुर्चीत बसल्या होत्या. गेट स्वच्छ दिसत होतं आणि त्यांना तिकडं बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी उठून खुर्चीचं तोंड भिंतीकडं फिरवलं. नम्रतानं ते पाहिलं आणि रात्रीच्या भाजीला दोन वाट्या शेंगदाण्याचं कूट जास्त घातलं. दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी सातला फाटकाची कडी वाजली. बाहेर सारजाबाई. मागं तीन शेरडं.

“चल.”

“कुठं?”

“रानात. शेरडं राखायला. एक बोकड तुज्या पायी गेला, आता ह्या तिघी तू बघायच्या. रोज.”

“किती दिवस?”

“म्या सांगीन तवर.”

गंगूबाईंनी आपल्या साडीकडं पाहिलं, शेरडांकडं पाहिलं. शेरडांचा वास त्यांना पन्नास वर्षांत कधी सोसला नव्हता. त्यांनी आत जाऊन फक्त वही घेतली. सारजाबाईंनी ती हातातून काढून फाटकाच्या खांबावर ठेवली.

“वही ऱ्हाऊ दे. शेरडं लिवून कळत न्हाईत.”

टेकडीची वाट खड्या चढाची. सारजाबाई पुढं. दर चार पावलांवर काठीनं एखादं झाड दाखवून विचारायच्या, “ही काय?” गंगूबाईंना येत नसे. “ही?” तेही येत नसे. “बत्तीस वरसं दवाखान्यात व्हतीस, तितं काय झोपा काढल्यास व्हय?” वर पोचल्यावर गंगूबाईंनी वळून पाहिलं. सगळं भुकूम पायाशी पडलं होतं. रस्त्याचं वळण, विहार, निसर्गछायाच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड, कुणाच्या तरी परसात उलटी उभी केलेली मोटारसायकल. खुर्चीतून यातलं निम्मंही दिसत नव्हतं. क्षणभर त्यांचे डोळे चमकले.

“शेरडाकडं बघ!” सारजाबाई ओरडल्या.

सगळ्यांत धाकटी पाट, अजून न व्यालेली शेळी, उतारावरून धावत सुटली होती. खाली एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर छाटलेल्या फांद्या पडल्या होत्या. गंगूबाईंनी त्या ओळखल्या. एवढं एक झाड त्यांना आता जन्मभर पुरणार होतं.

त्या धावल्या. एक्काहत्तराव्या वर्षी, पांढऱ्या साडीत, एक चप्पल घसरून पायातून निघाली तरी धावल्या, आणि पाटीनं तोंड खाली घालायच्या आत तिला कमरेत मिठी मारून खाली बसल्या. पाट बें बें करत राहिली. साडीवर लेंड्या, चेहऱ्यावर लाळ. गंगूबाईंनी सोडलं नाही.

सारजाबाई सावकाश उतरून आल्या. वाटेत पडलेली चप्पल काठीच्या टोकानं उचलून आणली होती. फांद्या पायानं उलथून पाहिल्या. कण्हेरच. गंगूबाईंच्या अवताराकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि ओठ गच्च मिटूनही हसू काही आवरलं नाही.

चप्पल पुढ्यात टाकून म्हणाल्या, “उद्या दुसऱ्या घालून ये. ह्या घसरत्यात.”